हिरव्या शाईची सही

दोन कागदांसाठीची खूण करायची राहून गेली, असं मी आधी सांगितलं. राहून गेली नव्हती. मी ती केली नाही. तपासणं हे माझं पंचवीस वर्षांचं काम, आणि त्या दुपारी मी ते नेहमीपेक्षा जास्त लक्ष देऊन केलं. म्हणून तर नेमकं जे चुकवायचं तेच चुकलं.

आधी मी कोण ते सांगते. मी शर्मिष्ठा पोतनीस. कोल्हापुरात पंचगंगा युवा वाद्यवृंद आहे, साठ मुलांचा. व्हायोलिन, चेलो, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, आणि आमचा म्हणून तबला आणि हलगीसुद्धा. ही मुलं जुन्या सूतगिरणीच्या गोदामात तालीम करतात. त्यातल्या ज्यांना नुसतं वाजवायचं नसतं, स्वतः काही रचायचं असतं, ती माझ्याकडे येतात. रचना लिहायची कशी, कोणत्या वाद्याला काय झेपतं, कुणाला कुठे श्वास घ्यायला जागा ठेवायची, हे मी शिकवते. दरवर्षी त्यातल्या एकाची रचना वार्षिक मैफलीत वाजते. आणि मैफल संपते ती माझ्या रचनेनं, 'रंकाळ्यावरची संध्याकाळ'नं. बत्तिसाव्या वर्षी मी ती लिहिली. वाद्यवृंदाचा जन्मच तिच्यातून झाला असं परेरा सर भाषणात म्हणतात. परेरा सर म्हणजे आमचे संचालक, हातात काठी घेऊन पुढे उभे राहणारे.

त्यानंतर मी काय लिहिलं, असं मला कुणी विचारत नाही. कोल्हापूरचे लोक तसे सज्जन आहेत.

आमच्याकडे एक पद्धत आहे. रचना कुणाचीही असो, प्रत्येक वादकाच्या पुढ्यात जो कागद जातो, तो आधी माझ्या हातातून जातो. मी तो सुरांसुरांनी वाचते आणि खाली हिरव्या शाईत लिहिते, 'तपासले', आणि पुढे माझी सही. हिरवी सही नसलेला कागद परेरा सर वाजवू देत नाहीत. आणि हिरवी सही असलेल्या कागदाला कुणी चूक म्हणत नाही. पंचवीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, कारण चूक कधी नव्हतीच. मला त्याचा फार अभिमान होता.

मग मनलेखी आली.

मनलेखीचं शास्त्र सांगायला सोपं आहे. गाणं कानावर पडलं की मेंदूच्या एका भागातल्या पेशी ठरावीक क्रमानं चेततात. तेच गाणं नुसतं मनातल्या मनात म्हटलं, तरी साधारण त्याच पेशी त्याच क्रमानं चेततात, फक्त हलक्या. पेशी चेतली की तिथे सूक्ष्म वीज वाहते, आणि वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या पन्नास कोटीव्या हिश्शाइतकं असतं. पूर्वी ते मोजायला खोलीभर यंत्र लागायचं, आणि तेही भयंकर थंड ठेवावं लागायचं. आता खडीसाखरेच्या खड्याएवढ्या काचेच्या कुप्या येतात. त्यांत रुबिडियम धातूची वाफ असते आणि वाफेतून लेसरचा किरण जातो. क्षेत्र जरा हललं की किरणाचा उजेड जरासा बदलतो. अशा शंभरएक कुप्या एका टोपीत बसवल्या की झाली मनलेखी. तीन आठवडे टोपी तुमच्याकडून शिकते: एक चाल ऐकवते, मग तीच मनात आठवायला सांगते, आणि तुमच्या पेशींची खोड ओळखून घेते. त्यानंतर तुम्ही मनात जे ऐकाल ते ती कागदावर उतरवते, वाद्यांसकट.

टोपीला आणखी एक गोष्ट कळते. मनात आलेलं आधी कुठे ऐकलेलं असेल, तर स्मृतीचा भाग सुराच्या किंचित आधी जागा होतो. नवं असेल तर तो नंतर येतो. या फरकावरून टोपी आठवलेले सूर राखाडी छापते आणि नवे सूर काळे. दहात नऊ वेळा बरोबर.

मी वर्गात सांगितलं की हे खेळणं आहे, तीन वर्षं घासून लिहायला शिकल्याशिवाय रचना येत नाही. मुलांनी माना डोलावल्या. पुढच्या महिन्यात वाद्यवृंदानं दोन टोप्या घेतल्या, आणि त्याच महिन्यात तेजल आवळे आली.

तेजल सतरा वर्षांची, इचलकरंजीची. तिच्या वडिलांचा, उत्तम आवळ्यांचा, लग्नाचा बँड होता. स्वतः ते क्लॅरिनेट वाजवत. वरातीत त्यांचा क्लॅरिनेट ऐकायला लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे असं ती म्हणाली. चार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले, पुढचे चार दात गेले, ओठाची एक बाजू ओढली गेली. क्लॅरिनेटला दात आणि ओठ दोन्ही लागतात. बँड बंद झाला. बँडवाल्यांच्या घरात सगळं कानानं शिकतात, त्यामुळे तेजलला कागदावरचा एक सूर वाचता येत नव्हता. तिच्या बाकीच्या बोलण्यासारखंच तिनं तेही बिनधास्त सांगून टाकलं. इचलकरंजीच्या मुली बोलतात तशी ती स्वतःबद्दल मुलासारखं बोलायची.

"मला लिवता येत नाही बाई, पण डोक्यात लई वाजतंय. दोन वर्षं झाली, झोपू देत नाही. ते बाहेर काढायला आलो."

मी तिला टोपी घातली. तीन आठवड्यांनंतर पहिला छापा निघाला. आठ मिनिटांचं संगीत, एकोणीस वाद्यं, आणि मी ते वाचायला खुर्चीत बसले ती चहा निवेपर्यंत उठले नाही.

ते किती चांगलं होतं हे मला इथे लिहायचं नाही. लिहायला लागले तर पुन्हा पोटात दुखेल. एवढंच सांगते: मी पंचवीस वर्षं मुलांना सांगत आले की चेलोंना व्हायोलिनांच्या सावलीत ठेवू नका, त्यांना त्यांचं घर द्या. त्या पोरीला चेलो हे नावही धड माहीत नव्हतं. ती 'ते मोठं मांडीतलं' म्हणायची. आणि तिनं चेलोंना घर दिलं होतं, अंगण दिलं होतं, वर कवाडही दिलं होतं.

फक्त एक जागा होती. आठ मिनिटांच्या मधोमध सगळं शांत होतं, तंतुवाद्यं एक लांब, बारीक सूर धरून ठेवतात, आणि त्यावर दोन क्लॅरिनेट येतात. बारा आवर्तनं. संपूर्ण रचनेत क्लॅरिनेट तेवढ्यापुरतेच वाजतात. आणि ती बारा आवर्तनं राखाडी होती.

"ती पप्पांची चाल," तेजल म्हणाली. "नवरी मांडवात यायची तेव्हा ते वाजवायचे. त्यांचीच, कुठल्या पिक्चरमधली नाही."

मला काय आनंद झाला म्हणता. मी तिला समजावलं की वडिलांची चाल घेण्यात गैर काही नाही, लोकसंगीतातून घेतातच. पण मनात मी त्या राखाडी ओळींना कुरवाळत होते. काळजाच्या जागी तरी पोरीकडे स्वतःचं काही नाही, असं मी स्वतःला बजावलं.

तिला शिकवणं हा एक छळ होता. मी सांगावं आणि तिला ते आधीच ठाऊक असावं, फक्त नाव माहीत नसावं. इतर मुलं माझ्याकडे बघायची तेव्हा त्यांच्या तोंडावर भीती असायची, आदर असायचा. तेजल माझ्याकडे आपुलकीनं बघायची. दर शनिवारी इचलकरंजीहून येताना घरून डब्यात काहीतरी आणायची आणि मी खाईपर्यंत समोर बसायची. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची आणि मी म्हणायचे, वा, वांगं छान झालंय.

जानेवारीतल्या एका दुपारी वर्ग रिकामा होता. मी दुसरी टोपी काढली. मी ती डिसेंबरपासून चोरून माझ्या डोक्याला शिकवत होते, हे कुणाला माहीत नव्हतं. दार लावलं, डोळे मिटले, आणि वाट बघितली. मनात सूर येत होते. भरपूर येत होते, मला वाटलं आता पंचवीस वर्षांचा बांध फुटतोय. तासाभरानं मी छापा काढला.

तीन पानं निघाली. सगळी राखाडी. 'रंकाळ्यावरची संध्याकाळ'चे तुकडे होते, जुन्या विद्यार्थ्यांच्या रचनांमधले तुकडे होते. तिसऱ्या पानावर, वरून खालपर्यंत, तेजलचे चेलो होते.

मी ती पानं बारीक फाडली आणि पिशवीत घालून घरी नेली. वर्गातल्या टोपलीत टाकायचीही भीती वाटली.

त्याच आठवड्यात परेरा सर घरी आले. फार गोड माणूस, वाईट बातमी सांगायची असली की आधी पाणी मागतात. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, यंदाचं रौप्यमहोत्सवी वर्ष. समितीला वाटतंय, मैफलीचा शेवट तेजलच्या रचनेनं करावा. पुण्याच्या एका संगीत अकादमीचे लोक येणार आहेत, मुलीला तिथे पाठवता आलं तर तिचं भलं होईल. 'रंकाळा' मध्यंतराच्या आधी घेऊ. तुम्हीच तिला घडवलंत, तेव्हा हा तुमचाच मान आहे.

मी म्हणाले, अर्थातच. मी हसलेसुद्धा. ते गेल्यावर मी त्यांचा ग्लास इतका जोरात विसळला की तो फुटला.

आता त्या खुणेबद्दल सांगायला हवं. क्लॅरिनेटची एक गंमत आहे. वादक कागदावर जो सूर वाचून वाजवतो, त्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली त्याचं वाद्य बोलतं. वाद्याची घडणच तशी. म्हणून क्लॅरिनेटचा कागद लिहिताना प्रत्येक सूर एकेक घर वर चढवून लिहावा लागतो, म्हणजे वाजताना तो बरोबर जागी पडतो. ट्रम्पेटचंही तसंच. मनलेखीला हे कळत नाही. मनात जे ऐकू आलं ते ती लिहिते, वादकाच्या पुढ्यात काय ठेवायचं हे तिच्या गावीही नसतं. त्यासाठी पडद्यावर प्रत्येक वाद्याच्या नावापुढे एक छोटी चौकट असते, 'वाद्यानुसार बदला'. तिच्यात खूण केली की कागद बरोबर निघतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी दुपारी मी वर्गात एकटी बसून तेजलच्या रचनेचे कागद काढत होते. ट्रम्पेटच्या चौकटीत खूण केली. पुढच्या दोन ओळी क्लॅरिनेटच्या होत्या. माझा हात थांबला.

तिच्या बापाची चाल. एक पूर्ण सूर खाली, बाकी सगळे वर. मांडवात येणारी नवरी पायरीवरून घसरून पडावी तसं होईल. तालमीत सगळे तोंड वाकडं करतील. परेरा सर म्हणतील, एवढी जागा काही जमत नाही, घाईनं झालंय, शेवटाला 'रंकाळा'च बरा. कुणाला दोष जाणार नाही. मुलगी नवीन आहे, टोपीही नवीन.

मी खूण केली नाही. दोन कागद निघाले. मी ते सुरांसुरांनी वाचले, खाली हिरव्या शाईत 'तपासले' लिहिलं आणि सही केली. माझा हात जराही कापला नाही. कापला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

तालमीला उत्तम आवळे आले होते. मुलीनं आणलं होतं, तिला त्यांना आपली चाल ऐकवायची होती. इस्त्रीचा शर्ट, तोंडावर रुमाल धरून बसायची सवय. गोदामाच्या भिंतीला टेकवलेल्या लोखंडी खुर्चीवर ते बसले. मी त्यांना नमस्कार केला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले.

पहिली चार मिनिटं नीट गेली. मुलं मन लावून वाजवत होती. मग सगळं शांत झालं. तंतुवाद्यांनी तो लांब सूर धरला. आणि क्लॅरिनेट आले.

ते आले ते खाली, वेगळ्याच घरात. चाल ओळखू येत होती, पण ती चुकीच्या खोलीत शिरलेल्या माणसासारखी चाचपडत होती. दोघा क्लॅरिनेटवाल्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मागे कुणीतरी खोकलं. परेरा सरांनी काठी खाली केली, मुलांजवळ गेले, कागद उचलला. त्यांनी कागद वरून वाचायला सुरुवात केली आणि डोळे खाली गेले, माझ्या हिरव्या सहीवर. त्यांनी कागद परत स्टँडवर ठेवला.

"बाईंनी तपासलंय," ते मुलांना म्हणाले. "असंच आहे ते. घाबरत वाजवू नका. पुन्हा घ्या."

मुलांनी पुन्हा घेतलं, या वेळी ठासून. मी हा विचारच केला नव्हता. माझी सही इतकी खरी होती की चूक तिच्या आडोशाला उभी राहिली आणि कुणाला दिसलीच नाही.

मी तेजलकडे बघितलं. ती वडिलांकडे बघत होती. उत्तम आवळ्यांनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला होता आणि मान वाकडी करून ते ऐकत होते. नंतर तेजलनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं. तालीम संपल्यावर ती वडिलांना घेऊन गेली. डबा देऊन गेली, पण समोर बसली नाही.

तीन शनिवार ती आली नाही. परेरा सरांना विचारून तिनं एक टोपी घरी मागवली आणि निरोप पाठवला की शेवटाचा भाग बदलतेय. मी खूश झाले. मला वाटलं, घाबरली. मग मार्चमध्ये तिच्याकडून नवी पानं आली, थेट परेरा सरांकडे. क्लॅरिनेटच्या जागेनंतरचं सगळं तिनं नव्यानं रचलं होतं. मधली बारा आवर्तनं जशीच्या तशी. म्हणजे माझ्या चुकीसकट. नव्या पानांवर सही करताना मी ती पाहिली आणि मला कळेना की हिला चूक कळलीच नाही, की आणखी काही.

मैफलीला केशवराव भोसले नाट्यगृह भरलं होतं. 'रंकाळा' मध्यंतराच्या आधी वाजला, लोकांनी घरच्या माणसाला द्यावी तशी टाळी दिली. मग शेवटी तेजलची रचना.

क्लॅरिनेट आले, खाली, चाचपडत, आणि नाट्यगृहात कुणी हललं नाही. चाल वर चढायला बघत होती आणि चढत नव्हती. मग तेजलनं नवं लिहिलेलं सुरू झालं. वर असलेली व्हायोलिनं एकेक करून खाली यायला लागली. आधी एक, मग दोन, मग सगळी. क्लॅरिनेटला वर ओढून घ्यायला कुणी आलं नाही, सगळा वाद्यवृंदच त्यांच्यापाशी खाली उतरून आला. सगळ्यात शेवटी चेलो आले आणि त्यांनी ती मांडवातली चाल तिथेच, खालीच, क्लॅरिनेटच्या सोबतीनं पूर्ण केली. माझ्या शेजारची बाई रडत होती. मीही रडत होते, पण आमची कारणं वेगळी होती.

पुण्याच्या अकादमीच्या लोकांनी तेजलला तिथल्या तिथे प्रवेश जाहीर केला. त्यांचे प्रमुख मला शोधत आले. मुलीचा टोपीतला पहिला छापा त्यांनी पाहिला होता, त्यात ही क्लॅरिनेटची जागा साधी होती म्हणाले. तालमीचे कागद तुमच्या सहीचे, म्हणजे तो बदल तुमचा दिसतोय. त्या एका बदलानं रचना उभी राहिली. असा गुरू मिळायला भाग्य लागतं.

परेरा सर बाजूला उभे होते, अभिमानानं फुगलेले. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, छे, सुचतं एखादं. आणि त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला ते खरंच वाटलं. पंचवीस वर्षांत मला एक गोष्ट सुचली होती आणि सगळं नाट्यगृह तिच्यावर रडलं होतं. घरी जाईपर्यंत मी त्या बदलाची आईच झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात तेजल आली. हातात डबा होता आणि बगलेत कागदांची गुंडाळी. मी तिला म्हणाले की बस, मला तुला एक सांगायचंय. रात्रभरात ते मातृत्व ओसरलं होतं आणि त्या दोन कागदांनी मला झोपू दिलं नव्हतं. मी सांगितलं की क्लॅरिनेटची खूण राहून गेली होती.

"राहिली नव्हती बाई," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "चौऱ्याहत्तर कागद काढला तुम्ही. पडद्यावर ट्रम्पेटला खूण हाय. त्याच्या खालच्या दोन ओळींनाच नाही. क्लॅरिनेटवाल्या पोरानं मला समजावून सांगितलं, एक घर वर लिवतात म्हणून. विसरणारं माणूस असं मोजून विसरत नाही."

मी मान खाली घातली. मग वर केली, कारण खाली बघून सांगण्यासारखं ते नव्हतं. मी म्हणाले, हो, मुद्दाम केलं. तुझा हेवा वाटला म्हणून केलं. तुझी रचना पडावी म्हणून केलं. हे बोलताना मला वाटलं होतं की ती रडेल, उठून जाईल, परेरा सरांना सांगेल. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी लई राग आला मला," तेजल म्हणाली. "घरी जाऊन दुरुस्त केलो सगळं. मग पप्पांना दोन्ही ऐकवलो. पहिलं माझं, मग तुमचं. तुमचं लावल्यावर पप्पा म्हणाले, हे माझं हाय." तिनं डबा टेबलावर ठेवला. "पप्पा अजून वाजवतात बाई, घरात, दार लावून. दात नाहीत म्हणून सूर वर धरत नाही, खालीच पडतंय. चाल तीच, पण अशी खाली. माझ्या डोक्यात ते मांडवातलेच पप्पा वाजत होते, चार वर्षांपूर्वीचे. आता घरात बसलेत ते मला ऐकूच आले नव्हते. तुमच्या कागदावर ऐकू आले."

तिनं गुंडाळी सोडली. वर मनलेखीचा नवा छापा होता, मैफलीच्या आधी तिनं काढलेला. मी मधलं पान शोधलं. तीच बारा आवर्तनं, एक सूर खाली. यावेळी ती काळी होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

खाली क्लॅरिनेटचे दोन नवे कागद होते. जूनमध्ये पुण्याला रचना पुन्हा वाजणार होती, आणि आता पडद्यावरच्या चौकटीत खूण करून तिनं ते रीतसर काढले होते. सूर मुळात एक घर खाली रचलेले, खुणेनं कागदावर एक घर वर चढलेले. मी माझे जुने दोन कागद कपाटातून काढून शेजारी ठेवले. सुरांसुरांनी ताडून पाहिले. एकाही जागी फरक नव्हता. जे मी तिला पाडायला लिहिलं होतं, तेच अक्षरशः तिनं स्वतःचं म्हणून लिहिलं होतं.

मी पंचवीस वर्षांत एकच गोष्ट केली होती, आणि तीही वाईट. ती वाईट गोष्टसुद्धा या पोरीनं माझ्याकडून घेऊन आपली करून टाकली होती. त्या बारा आवर्तनांमध्ये आता माझं काही उरलं नव्हतं. इतका हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही, रात्री नाट्यगृहातही नाही.

"सही करा की बाई," तेजल म्हणाली. "तुमच्या हिरव्या सहीशिवाय परेरा सर घेत नाहीत."

मी म्हणाले की पुण्याच्या लोकांना मी आज पत्र लिहिते, तो बदल माझा नव्हता, माझा काय होता तेही लिहिते, परेरा सरांनाही सांगते. ती म्हणाली, ते तुमचं तुम्ही बघा, मला सही पाहिजे.

मी दोन्ही कागद पहिल्या सुरापासून वाचले. तिसऱ्या आवर्तनात वादकाला श्वासाला जागा कमी होती, तिथे पेन्सिलीनं एक स्वल्पविराम घातला. ती वाकून बघत होती. म्हणाली, हां, पप्पापण तिथंच श्वास घेतात. मग मी हिरवं पेन उघडलं, खाली 'तपासले' लिहिलं आणि सही केली. या वेळी हात कापला, आणि सही थोडी वाकडी आली.

तिनं शाई वाळेपर्यंत कागदांवर फुंकर घातली, गुंडाळी करून बगलेत धरली, आणि डबा माझ्यापुढे सरकवला. मग खुर्ची ओढून समोर बसली, मी खाईपर्यंत.